२० मीटरच्या आतली बातमी : सेकंड लाइफमधील वर्तमानपत्रे आणि वस्ती

सेकंड लाइफ या आभासी जगाविषयी जे लिहिले जाते ते बहुतेक तिथल्या देखाव्यांविषयी, कपड्यालत्त्याविषयी, नाहीतर तिथे कोणी किती पैसा केला याविषयी असते. मला परीक्षण करायचे आहे ते त्या जगात निघणाऱ्या वर्तमानपत्रांचे आणि ती वाचणाऱ्या वस्तीचे. बडोद्यातील एका शाळेच्या ग्रंथालयात २८ वर्षे नोकरी करून मी निवृत्त झाले, आणि त्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात भाच्याने माझ्या लॅपटॉपवर हे जग उतरवून दिले. “मावशी, तुला इथे करमेल,” एवढीच त्याची शिफारस होती. दोन महिन्यांत त्याचा स्वतःचा उत्साह मावळला. मी मात्र दीड वर्ष झाले तरी आठवड्यातून तीन-चार वेळा तिथे जाते, आणि जाते ती मुख्यतः वाचायला.

ज्यांना या जगाची काहीच ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लिंडन लॅब या सॅन फ्रान्सिस्कोच्या कंपनीने २३ जून २००३ रोजी ते लोकांसाठी खुले केले. त्याला खेळ म्हणण्याची पद्धत आहे, पण तिथे गुण नाहीत, पातळ्या नाहीत आणि कोणी जिंकतही नाही. कंपनी जमीन, आकाश, पाणी आणि कायदा पुरवते. घरे, दुकाने, झाडे, बोटी, चपला, मिशा हे सारे रहिवाशांनीच तयार केलेले असते आणि रहिवासीच ते एकमेकांना विकतात. जमिनीचे एकक म्हणजे २५६ बाय २५६ मीटरचा चौकोन, ज्याला तिथे रीजन म्हणतात, आणि असे चौकोन एकमेकांना जोडूनच तिथले खंड झालेले आहेत. चलन लिंडन डॉलरचे असून एका अमेरिकी डॉलरला साधारण २५० लिंडन डॉलर मिळतात. खाते उघडायला पैसे पडत नाहीत. आपण ज्या देहाने तिथे वावरतो त्याला अवतार म्हणतात, आणि घरातल्या माणसाला आपण वैतागून जे ‘काय हा अवतार!’ म्हणतो ते मला पहिल्या दिवशी स्वतःलाच म्हणावे लागले, कारण केस डोक्याऐवजी खांद्यावर चढले होते.

आता वर्तमानपत्र. ते तिथे कसे मिळते ते आधी पाहू. मी नियमाने वाचते ते मुख्य खंडावरच्या एका भागापुरते निघणारे चार पानी साप्ताहिक आहे. धक्क्याजवळच्या एका पडवीत त्याचा लाकडी दिसणारा स्टँड उभा आहे. त्यावर क्लिक केले की पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट उघडते, अमुक वस्तू तुम्हाला देऊ केली आहे, ठेवायची की नाकारायची, असे विचारते, आणि ‘ठेवा’ म्हटले की अंक आपल्या सामानात जाऊन पडतो. तो अंगावर चढवायचा असतो. हे वाक्य विचित्र वाटेल, पण तिथे अंक ‘घालतात’: अंगावर चढवला की तो पडद्यावर पुस्तकासारखा उघडतो आणि कडेच्या बाणांनी पाने उलटता येतात. प्रत्येक पान म्हणजे मुळात एक चित्र असते आणि १०२४ बाय १०२४ ठिपक्यांचे असे एक चित्र त्या जगात चढवायला १० लिंडन डॉलर, म्हणजे साडेतीन रुपयांच्या आसपास, पडतात. चार पानांच्या अंकाचा छपाईखर्च चौदा रुपये झाला. कागद नाही, खिळे नाहीत, पोऱ्या नाही. राहता राहिली ती लिहिणाऱ्याची आणि जुळवणाऱ्याची मेहनत, आणि ती कुठेही स्वस्त झालेली नाही.

मजकूर काय असतो? एका अंकात मी वाचलेल्या बातम्या अशा होत्या: दिवाबत्तीचे सामान विकणारे दुकान दोन चौकोन पलीकडे हलले आहे, नदीकाठच्या रस्त्यालगतच्या एका जमीनमालकाने मनाई-रेषा चालू ठेवल्यामुळे सायकलवरून जाणारे लोक अदृश्य भिंतीवर आदळत आहेत, त्याला तीनदा निरोप पाठवूनही उत्तर नाही, ब्लेक समुद्रातील शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत वारा कोणत्या दिशेचा ठेवावा यावरून दोन मंडळांत बोलाचाली झाली, एका जोडप्याने लग्नाची सातवी वर्षगाठ केली आणि सातही वर्षांत दोघे प्रत्यक्षात एकदाही भेटलेले नाहीत. शेवटी शोकवार्ता. या सगळ्यात मला परके असे काही वाटले नाही. दांडिया बाजारातल्या आमच्या गणेशमंडळाच्या फळ्यावर खडूने जे लिहिले जाते, कोणाकडे सत्यनारायण, कोणाची पावती राहिली, कोणाचे वडील गेले आणि अंत्ययात्रा किती वाजता निघणार, त्याच जातीचा हा मजकूर आहे.

या साध्या मजकुराचे मोल कळायला मागचा इतिहास थोडा पाहावा लागतो. जग सुरू झाले त्याच वर्षी, २००३ मध्ये, कंपनीने वॅग्नर जेम्स ऑ या पत्रकाराला आत वार्ताहर म्हणून नेमले. पांढऱ्या सुटातला त्याचा अवतार वस्त्यांमधून हिंडून हकिगती लिहू लागला आणि २००६ मध्ये कंपनीचे काम सुटल्यावर त्याने तेच लेखन न्यू वर्ल्ड नोट्स या नावाने स्वतंत्रपणे पुढे चालवले. दुसरीकडे पीटर लडलो या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने २००३ मध्येच सिम्स ऑनलाइन या वेगळ्या जगात अल्फाव्हिल हेरल्ड काढला होता. तिथल्या कंपनीने त्याचे खाते बंद केले, कारण भलतेच दिले, पण वाद झाला तो छापलेल्या मजकुरावरून. पुढे २००४ मध्ये त्या पत्राने आपले बिऱ्हाड सेकंड लाइफमध्ये हलवले. कंपनीची खोड काढणारे, पुष्कळदा चावट आणि क्वचित अतिरेकी असे ते पत्र होते. त्याचे जुने लेख वाचताना मला आपल्याकडच्या संस्थानी काळातील साप्ताहिकांच्या भाषेची आठवण झाली, फक्त इथे दरबाराच्या जागी कंपनीचे कार्यालय होते.

मग २००६ उजाडले आणि बाहेरच्या जगाचे लक्ष तिकडे गेले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये रॉयटर्सने आत चक्क कार्यालय थाटले आणि ॲडम पासिक हा आपला वार्ताहर ‘ॲडम रॉयटर्स’ या अवताराने तिथे बसवला. डिसेंबरात जर्मनीच्या ॲक्सेल स्प्रिंगर या प्रकाशनसंस्थेने ॲव्हास्टार नावाचे चटकदार साप्ताहिक आणले. २००७ च्या जानेवारीत फ्रान्सच्या नॅशनल फ्रंट या अतिउजव्या पक्षाने उघडलेल्या कार्यालयासमोर निदर्शने होऊन फुटणारी डुकरे फेकली गेली. मे महिन्यात मालदीवने आणि पाठोपाठ स्वीडनने आपापले दूतावास उघडले. सप्टेंबरात आयबीएमच्या इटलीतील कामगारांनी पगाराच्या प्रश्नावर आतल्या आत संप केला. एवढ्या घडामोडी होत असताना वृत्तसंस्थेला तिथे काम मिळाले नसते तरच नवल. पण लाट ओसरल्यावर काय झाले? २००९ लागेपर्यंत रॉयटर्सचे दुकान उठले होते, आणि ॲव्हास्टारही फार टिकले नाही. ही मोठी पत्रे गेली आणि पडवीतला स्टँड राहिला.

माझ्या मते याचे कारण पैशाइतकेच वाचकात आहे. बाहेरून आलेला वार्ताहर बाहेरच्या वाचकासाठी लिहीत होता, आणि त्या वाचकाला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे नवल. नवलाचे वय दोन वर्षांचे. रहिवाशाला हवी असते ती वेगळी बातमी, जिच्यावर त्याचे उद्याचे करणे अवलंबून असते. २००३ मध्ये कंपनी प्रत्येक बांधकामावर कर घेत असे, तेव्हा एका वस्तीतील लोकांनी चहाच्या खोक्यांचे ढीग रचून ब्रिटिश कराविरुद्ध चहाची खोकी समुद्रात फेकणाऱ्या बोस्टनकरांच्या धर्तीवर बंड केले, आणि पुढे कराची ती पद्धत जाऊन जमिनीच्या मालकीवर आकारणी आली. नोव्हेंबर २००६ मध्ये कॉपीबॉट नावाचे दुसऱ्याच्या वस्तूची हुबेहूब नक्कल करणारे साधन पसरले, तेव्हा दुकानदारांनी निषेधाच्या पाट्या लावून दुकाने बंद ठेवली. ऑगस्ट २००७ मध्ये भरमसाट व्याज देऊ करणारी गिंको फायनान्शियल ही आतली पेढी बुडाली आणि ठेवीदारांचे सुमारे साडेसात लाख अमेरिकी डॉलर अडकले. त्यानंतर जानेवारी २००८ मध्ये खऱ्या परवान्याशिवाय पेढी चालवायला कंपनीने बंदीच घातली. पेढीवर लोक रांगा लावून उभे असताना ज्याची ठेव तिथे होती त्याला बातमी कशासाठी असते हे कोणी शिकवावे लागले नसेल.

या पत्रकारितेचा एक नियम मला फार आवडतो, आणि तो कोणी संपादकाने केलेला नसून त्या जगाच्या रचनेतच आहे. तिथे साध्या आवाजात लिहिलेले बोलणे २० मीटरच्या आत उभ्या असलेल्यालाच दिसते. कुजबूज १० मीटरपर्यंत आणि आरडाओरडा १०० मीटरपर्यंत पोचतो. म्हणजे सभेची बातमी द्यायची तर वार्ताहराला सभेत जाऊन उभे राहावे लागते, आणि तो उभा असतो तेव्हा सर्वांना दिसतो. शिवाय दुसऱ्याचे बोलणे त्याच्या संमतीशिवाय जसेच्या तसे प्रसिद्ध करायला तिथे मनाई आहे. एका बैठकीत मी हे जवळून पाहिले. भाडेवाढीवर चर्चा चालू होती, साधारण तीस अवतार गोलात बसले होते, आणि आमच्या साप्ताहिकाची बाई, जिने त्या दिवशी बगळ्याचा अवतार घेतला होता, एकेकाजवळ चालत जाऊन खासगी निरोपाने विचारत होती की तुमचे हे वाक्य नावासह छापू का. दोघांनी नको म्हटले. अंकात त्या दोघांची मते ‘एका रहिवाशाने’ म्हणून आली आणि वाक्ये बदललेली होती. खऱ्या गावात इतकी सभ्यता मी कमी पाहिली आहे. अर्थात याची दुसरी बाजूही आहे: ज्याला काही लपवायचे आहे तो सहज ‘माझी संमती नाही’ म्हणू शकतो, आणि बगळ्याला मान खाली घालून परतावे लागते.

आता ग्रंथपाल म्हणून माझे गाऱ्हाणे. ज्या गावात सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले आणि लाकडी पेट्यांतून पुस्तके खेड्यापाड्यांत फिरवली, त्या गावात वाढलेल्या माणसाला जुना अंक फेकून देणे जमत नाही. सेकंड लाइफमध्ये मात्र जुन्याची व्यवस्था जवळपास कोणी पाहत नाही. वस्तीच्या मंडळांनी काढलेल्या सूचना १४ दिवस राहतात आणि पंधराव्या दिवशी नाहीशा होतात. पत्रांचे अंक ज्याच्या सामानात असतील त्याच्याकडे असतात. त्याने खाते सोडले की तेही गेले. जमिनीचे भाडे थकले की वाचनालय उचलले जाते, आणि दुसऱ्या दिवशी तिथे कोणाचे तरी केशभूषेचे दुकान उभे राहते. आमच्या साप्ताहिकाचे पहिले ११ अंक आज खुद्द संपादिकेकडेही नाहीत. मी मला मिळालेला प्रत्येक अंक तारीख घालून वेगळ्या फोल्डरात ठेवते, आणि संपादिकेने मागच्या महिन्यात एका जुन्या नकाशासाठी माझ्याकडे विचारणा केली तेव्हा मला बढती मिळाल्यासारखे झाले.

भारतातून जाणाऱ्याची खरी अडचण घड्याळाची आहे. सेकंड लाइफचे घड्याळ कॅलिफोर्नियाच्या वेळेवर चालते. उन्हाळ्यात आपण त्याच्या साडेबारा तास पुढे असतो आणि हिवाळ्यात साडेतेरा. गाण्याच्या मैफिली, व्याख्याने, सभा हे सारे बहुतेक तिथल्या दुपारी-संध्याकाळी होते, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र ते सकाळ. रात्री नऊला जेवणे आटोपून मी बसते तेव्हा अमेरिकेतले लोक कामाला निघालेले असतात आणि भेटतात ते युरोपातले. गेल्या जूनमध्ये वस्तीतल्या एका वृद्ध माळ्याची, म्हणजे झाडे तयार करून विकणाऱ्या रहिवाशाची, शोकसभा होती. वेळ तिथली संध्याकाळी सहाची, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेसहा. मी ओट्यावर दूध तापत ठेवून जेवणाच्या टेबलाशी बसले. त्यानेच केलेल्या एका लिंबाच्या झाडाखाली चाळीसेक जण जमले होते, आणि गर्दी वाढल्यामुळे अवतार आधी करड्या ढगासारखे दिसून मग सावकाश आकार घेत होते. कोणी बोलत नव्हते. मग एकेकाने त्याच्याकडून विकत घेतलेले एक-एक झाड जमिनीवर ठेवले. दहा मिनिटांत त्या उजाड चौकोनाची राई झाली. माझ्याकडे त्याचे एक मोगऱ्याचे रोप होते, ते मी ठेवले. दूध उतू गेल्याचा वास आला तेव्हा कुठे मी उठले. पुढच्या अंकात त्या सभेला दीड पान होते आणि त्यात ठेवलेल्या झाडांची पूर्ण यादी होती, ‘बडोदे येथील रहिवासीण, मोगरा’ यासकट.

याच वस्तीच्या आधाराने आम्ही चार मराठी माणसांनी, म्हणजे बडोद्याची मी, इंदूरचे एक निवृत्त अभियंते, सिंगापूरची एक मुलगी आणि तिची न्यू जर्सीतली मामेबहीण, एक मराठी भित्तिपत्रक सुरू केले. शाळेत हस्तलिखित काढण्याची हौस आम्हा सर्वांना होती. पहिली अडचण लिपीची आली. एका संदेशात १,०२३ बाइट मावतात. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, आणि देवनागरीत अक्षराला तीन, वर काना, मात्रा, वेलांटी यांना प्रत्येकी आणखी तीन. त्यामुळे इंग्रजी बोलणाऱ्याचा एक संदेश होतो तिथे आमचे तीन होतात, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर तर ऱ्हस्व वेलांटी आपले अक्षर सोडून पुढच्या दारात जाऊन उभी राहते. म्हणून गप्पा आम्ही रोमन लिपीत मारतो आणि भित्तिपत्रकाचे पान घरी देवनागरीत जुळवून चित्र म्हणून चढवतो. चित्रात वेलांटी जागची हलत नाही. हा उपाय आम्हाला त्या बगळा-संपादिकेने सुचवला; तिच्या पत्रात अधूनमधून वेल्श भाषेचा मजकूर असतो आणि पानाचे चित्र करण्याची युक्ती तिच्या अंगवळणी पडलेली आहे.

भित्तिपत्रकाला भिंत हवी म्हणून आम्ही १,०२४ चौरस मीटरचा एक तुकडा एका खासगी मालकाकडून भाड्याने घेतला. तिथे बहुतेक जमीन अशीच मिळते: एखादा रहिवासी कंपनीकडून पूर्ण रीजन घेतो, त्याचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्यावर भाड्याची पेटी लावतो, जिच्यावर क्लिक करून आठवड्याचे पैसे भरायचे. आमच्या मालकाने चार आठवड्यांचे एकदम भरल्यास सूट देऊ केली आणि आम्ही ती घेतली. नवव्या दिवशी सकाळी मी गेले तर जागाच नव्हती. तुकडा नव्हे, अख्खा चौकोन नकाशावरून गेला होता आणि तिथे निळे पाणी होते. मालकाचे उत्तर आजतागायत आलेले नाही. रहिवाशांच्या आपसातल्या देण्याघेण्यात कंपनी पडत नाही, हे तिने नियमांत स्वच्छ लिहून ठेवले आहे, आणि आम्ही ते वाचले नव्हते. पैसे म्हणाल तर सगळे मिळून चारशे रुपयांच्या आत होते. पण मन लागले होते. भिंत, दोन बाके, इंदूरकरांनी जिवापाड मेहनतीने केलेली राजवाड्यासारखी कमान, हे सारे ‘हरवले-सापडले’ फोल्डरात गुंडाळी होऊन परत आले.

हे मी बगळ्याला सांगितले. तिने दोन प्रश्न विचारले, भाड्याच्या पावतीची नोंद पाहिली, आणि त्या गुरुवारच्या अंकात चार ओळी आल्या: अमुक चौकोन अचानक बंद झाला आहे, किमान एका भाडेकरूचे आगाऊ पैसे अडकले आहेत, मालकाकडे विचारणा केली असता उत्तर मिळाले नाही, आणखी कोणी असल्यास कळवावे. मालकाचे नाव तिने छापले नाही; दुसरी बाजू मिळेपर्यंत छापणार नाही म्हणाली. आठवडाभरात आणखी पाच भाडेकरू पुढे आले. पैसे कोणालाच मिळाले नाहीत, पण त्यातल्या एकीने आपल्या पडवीची मागची भिंत आम्हाला फुकट वापरायला दिली, आणि आमचे भित्तिपत्रक आता तिथे, एका जर्मन बाईच्या पावविक्रीच्या दुकानामागे, लागते.

दोषही सांगितले पाहिजेत. तिथे मासिक म्हणून जे काही निघते त्यातले निम्म्याहून अधिक कपड्यांच्या आणि केसांच्या जाहिरातींनी भरलेले असते, आणि मुलाखत कुठे संपते व जाहिरात कुठे सुरू होते हे ओळखायला सवय लागते. ज्याची जाहिरात त्याचीच स्तुती हा प्रकार तिथे सर्रास चालतो. पत्रे बहुतेक एकट्या-दुकट्या माणसाच्या उत्साहावर निघतात, त्यामुळे तो माणूस आजारी पडला किंवा कंटाळला की पत्र बंद पडते. मी वाचू लागले तेव्हाच्या पाच पत्रांपैकी आज दोन चालू आहेत. सगळेजण टोपणनावाने वावरत असल्यामुळे बातमीतला माणूस कोण हे पडताळण्याला मर्यादा आहे, आणि कधीकधी एकच माणूस दोन अवतारांनी वादाच्या दोन्ही बाजू लढवतो. जागांचे सर्वसाधारण, मध्यम आणि प्रौढ असे तीन वर्ग असतात. नव्या माणसाने सेटिंगमध्ये पहिल्या वर्गापुरतेच राहावे हे बरे, कारण प्रौढ वर्गात जे असते ते नावाप्रमाणेच असते. घरात शाळकरी मूल असेल तर लॅपटॉप उघडा सोडू नये.

यंत्राविषयी: साधा लॅपटॉप चालतो, पण तापतो. माझ्याकडच्या आठ जीबीच्या यंत्रात दृश्याचे अंतर ६४ मीटरवर आणून ठेवले की पंख्याचा आवाज कमी होतो, आणि वाचणाऱ्याला त्याहून लांबचे दिसून करायचे तरी काय? कंपनीच्या स्वतःच्या दर्शक-प्रणालीशिवाय, म्हणजे ते जग ज्यातून पाहायचे त्या सॉफ्टवेअरशिवाय, फायरस्टॉर्म ही रहिवाशांनी घडवलेली प्रणालीही मिळते आणि जुने लोक तीच वापरतात. मोबाइलवर जाण्याचीही सोय अलीकडे झाली आहे. गप्पांना ती पुरते, अंक वाचायला डोळे ताणावे लागतात.

खर्चाचे म्हणाल तर केवळ वाचकाला खर्च नाही. फुकट खात्यावर ४२ मंडळांचे सभासद होता येते, आणि इतक्या मंडळांच्या सूचना वाचायला दिवस पुरणार नाही. महिन्याला सुमारे १२ डॉलरचे प्रीमियम खाते घेतले तर आठवड्याला ३०० लिंडन डॉलर परत मिळतात आणि कंपनीचे घर किंवा १,०२४ चौरस मीटरपर्यंतची जागा वेगळे भाडे न देता ठेवता येते. २०१९ पासून बेलिसेरिया या खंडावर कंपनीने जी घरांची वस्ती वसवली आहे, तिथे शेजारधर्म चांगला रुजला आहे आणि वार्तापत्रेही निघतात, म्हणून ज्याला वस्तीचाच अनुभव घ्यायचा आहे त्याने एक महिना ते घेऊन पाहायला हरकत नाही. मी तीन महिने घेतले आणि सोडले; हजार रुपये महिना मला त्या घरापेक्षा घरपोच मासिकांवर खर्च करणे परवडते. खासगी मालकाकडे मात्र एका आठवड्यापेक्षा जास्त भाडे आगाऊ भरू नये, सूट कितीही असो. जाणकार शेजारी हे पहिल्याच दिवशी सांगतात, पण त्याआधी त्यांच्याशी ओळख झालेली असावी लागते, आणि ओळख व्हायला एखाद्या स्टँडपाशी थांबून अंक उघडून उभे राहण्यासारखा दुसरा सोपा मार्ग मला दिसलेला नाही. कोणी ना कोणी येऊन विचारतेच की या वेळी काय छापले आहे.

आमच्या पुढच्या पानाचे १० लिंडन डॉलर खात्यात आहेत. पाववाल्या बाईने श्रावण म्हणजे काय असे विचारले आहे, म्हणून तिच्यासाठी खाली चार ओळी इंग्रजीत द्यायच्या ठरल्या आहेत; मुख्य मजकूर अजून इंदूरहून यायचा आहे.